आडनावाचे भाडे

तालुक्याच्या कोणत्याही गावात बसस्थानकाबाहेर पडून नव्या कॉलनीकडे चालू लागा. दहा-बारा घरांमागे एखाद्या फाटकावर पाटी दिसेल, ‘खोली भाड्याने देणे आहे’. पाटीवर भाड्याचा आकडा नसतो आणि जात तर नसतेच नसते. कडी वाजवली की घरमालक बाहेर येतो, खोली दाखवतो, बोअरचे पाणी, लाइटीचे मीटर, संडास-बाथरूम सगळे सांगतो आणि मग सहज आठवल्यासारखे विचारतो, ‘आडनाव काय म्हणलात?’ या एका प्रश्नाच्या उत्तरावर पुढचे सारे ठरते. खोली रिकामी आहे की कालच गेली, भाडे अडीच हजार आहे की चार हजार, हे घराच्या चौरस फुटांवर ठरत नाही, आडनावावर ठरते.

लहान गावात परवडणारे घर मिळत नाही, अशी ओरड आज सगळेच करतात. ती खोटी नाही. सिमेंट-लोखंड महाग झाले, प्लॉटचे भाव वाढले, त्यामागे भाडीही वाढली. परंतु ही महागाई सर्वांना सारखी लागत नाही. ज्या घराचे भाडे इतरांसाठी एक असते त्याच घराचे भाडे आपल्या समाजासाठी दुसरे असते आणि पुष्कळदा तर पैसे मोजायची तयारी असूनही ते घर मिळत नाही. या जादा रकमेला आम्ही आडनावाचे भाडे म्हणतो. ते कोणत्याही करारात लिहिलेले नसते, त्याची पावती मिळत नाही, पण दरमहा ते वसूल होते.

चार रविवार, अकरा घरे

हे आम्ही ऐकीव सांगत नाही. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबातील मुलगी नर्सिंग पूर्ण करून मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी सरकारी दवाखान्यात कंत्राटी नोकरीला लागली. घराण्यात शिकून नोकरीला लागलेली ही पहिलीच मुलगी. आई-वडील शेतमजूर. हातात येणारा पगार सतरा-अठरा हजार. राहायला खोली हवी म्हणून वडिलांनी आम्हाला शब्द टाकला आणि आम्ही तिच्यासोबत सलग चार रविवार ते गाव पालथे घातले.

एकूण अकरा घरे पाहिली. दोन ठिकाणी भाडे खरोखरच परवडण्यासारखे नव्हते. एका ठिकाणी संडासाला धड दार नव्हते, एकट्या मुलीने तिथे राहणे शक्य नव्हते. ही तीन घरे आम्ही हिशेबातून सोडून देतो. उरली आठ. या आठही घरांत आडनाव विचारले गेले. आडनावावरून उलगडा झाला नाही तिथे गाव विचारले, गावावरून झाला नाही तिथे ‘गावात घर कोणत्या बाजूला?’ असे विचारले. पाच ठिकाणी नकार आला. दोन ठिकाणी उभ्या उभ्या भाडे हजार-बाराशेने वाढले आणि दोन महिन्यांचे डिपॉझिट सहा महिन्यांचे झाले. एका ठिकाणी खोली द्यायची तयारी होती, पण अट होती. मटण-मच्छी शिजवायची नाही, गावाकडची माणसे मुक्कामाला आणायची नाहीत आणि ‘तो फोटो’ समोरच्या खोलीत लावायचा नाही. तो फोटो कोणाचा, हे घरमालकाने नाव घेऊन सांगितले नाही आणि ते सांगण्याची गरजही नव्हती.

नकार देताना कोणीही शिवी दिली नाही, हे मुद्दाम नोंदवले पाहिजे. उलट चहा विचारला गेला. ‘सिस्टर, आमचं काही नाही हो, पण घरात म्हातारं माणूस आहे.’ ‘आमचं काही नाही, पण भाडेकरू वरच्या मजल्यावरचे कटकट करतात.’ ‘आमचं काही नाही, पण भाचा शिकायला येणार आहे.’ आमचं काही नाही! या तीन शब्दांत आजचा सगळा सभ्य जातीयवाद सामावला आहे. जात कोणीच पाळत नाही. ती फक्त घरातली म्हातारी पाळते, शेजारचा पाळतो, वरचा भाडेकरू पाळतो. जात पाळणारा माणूस सदैव पलीकडच्या खोलीत असतो, तो कधी दारात येत नाही.

यातल्या एका घरी खोली ‘कालच गेली’ असे सांगण्यात आले होते. पुढच्याच आठवड्यात त्या मुलीसोबत काम करणारी, तेवढाच पगार घेणारी, पण वेगळ्या आडनावाची दुसरी नर्स तिथे राहायला गेली. दोन खोल्या, भाडे अठ्ठावीसशे, दवाखान्यापासून पाच मिनिटांच्या अंतरावर. आपल्या मुलीला शेवटी बायपासच्या पलीकडे पत्र्याची एक खोली मिळाली, पस्तीसशे रुपयांना. नाइट ड्युटीला जायचे तर रिक्षा करावी लागते. रिक्षाचा खर्च महिन्याला पंधराशेच्या घरात जातो. भाड्यातला फरक सातशे आणि रिक्षाचे पंधराशे मिळून बावीसशे. वर्षाचे सव्वीस हजार चारशे रुपये. म्हणजे ही मुलगी वर्षातला दीड महिना केवळ आडनावाचे भाडे फेडण्यासाठी राबते. शिवाय रात्री बायपास ओलांडून एकटीने जाण्याची भीती वेगळीच. तिचा हिशेब कोणत्या वहीत मांडायचा? घरी आई म्हणू लागली आहे, ‘सोड ती नोकरी, ये परत.’ एका खोलीपायी पहिल्या पिढीची पहिली नोकरी पणाला लागते, ही या प्रश्नाची खरी किंमत आहे.

बडोद्याची ती संध्याकाळ

या मुलीच्या मागे फिरताना आम्हाला वारंवार बडोदा आठवत होते. १९१७ साली विश्वभूषण डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशातील उच्च शिक्षण घेऊन बडोदा संस्थानात नोकरीवर रुजू झाले. विद्या होती, पदवी होती, संस्थानाची नोकरी होती, खिशात भाड्याचे पैसे होते. नव्हते ते फक्त राहायला घर. हिंदू हॉटेलात जागा मिळणार नाही हे ठाऊक असल्याने ते एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहिले. अकराव्या दिवशी सकाळी हातात काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे फर्मान सुटले.

त्या दिवशी बाबासाहेबांनी दोन मित्रांकडे आसरा मागितला. एक हिंदू, दुसरा ख्रिस्ती. हिंदू मित्राने सांगितले, तुम्ही घरी आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्राने पत्नीला विचारून सांगतो म्हटले. बाबासाहेब उमगले आणि तिथून उठले. सार्वजनिक बागेत बसून त्यांनी वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली.

वाचकहो, या प्रसंगात काठी घेऊन आलेल्या जमावाचीच आठवण आपल्याला राहते. आम्ही म्हणतो, त्या दोन मित्रांकडेही नीट पाहा. त्यांच्या हातात काठी नव्हती. ते सुशिक्षित होते, सभ्य होते, बाबासाहेबांना मित्र मानत होते. त्यांचेही ‘काही नव्हते’. एकाचे नोकर होते, दुसऱ्याची पत्नी होती. शंभराहून अधिक वर्षे लोटली, देश स्वतंत्र झाला, त्याच बाबासाहेबांनी देशाला राज्यघटना दिली आणि आजही तालुक्याच्या गावात तेच उत्तर मिळते. नोकरांच्या जागी म्हातारी आली, एवढाच काय तो बदल.

लहान गावच का?

मोठ्या शहरात हा प्रश्न नाही, असे आम्ही म्हणत नाही. डॉ. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि परिसरात घर भाड्याने मागणाऱ्यांची पाहणी केली. एकाच प्रकारची विचारणा सवर्ण, दलित आणि मुस्लिम नावांनी करण्यात आली. २०१५ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त तिचे निष्कर्ष छापून आले. दलित नावाला नकार मिळतो किंवा जादा अटी लागतात, मुस्लिम नावाची अवस्था त्याहून बिकट होते, हे त्या पाहणीने राजधानीच्या ठिकाणी दाखवून दिले. त्याच्या दहा वर्षे आधी, २००५ साली, सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका गृहनिर्माण संस्थेचा सभासदत्व एकाच समाजापुरते ठेवण्याचा नियम वैध ठरवला होता. त्यामुळे शहरातला माणूस फार पुढारलेला आहे, अशा भ्रमात कोणी राहू नये.

परंतु शहरात निदान गर्दी असते. एका दलालाने नाही म्हटले तर दुसरा असतो, एका भागात जमले नाही तर दुसरा भाग असतो. तालुक्याच्या गावात भाड्याच्या खोल्या मोजक्या आणि दलाल म्हणजे किराणा दुकानदार किंवा पानपट्टीवाला. सकाळी एका गल्लीत नकार मिळाला की दुपारपर्यंत ती बातमी तीन गल्ल्या पुढे गेलेली असते. आडनाव सांगितले की गाव कळते, गाव कळले की पाहुणा निघतो आणि पाहुण्याला एक फोन केला की सगळी वंशावळ बाहेर येते. खेड्याच्या वेशीबाहेर ढकललेला आपला समाज १९७२ च्या दुष्काळात पोटासाठी आणि १९७८ च्या नामांतराच्या दंगलीनंतर जिवासाठी गाव सोडून शहरांकडे निघाला. बाबासाहेबांनी खेडे म्हणजे अज्ञानाचे आणि जातीयतेचे आगर म्हटले होते, ते उगीच नव्हे. पण लहान शहरात येऊन पाहिले तर खेड्याची वेस आपल्या आधीच येऊन बसलेली! फरक इतकाच, की खेड्यात ती सर्वांना दिसते आणि इथे ‘कॉलनी’ या नावाखाली झाकलेली असते. जुनी वस्ती नाल्याकाठी किंवा रेल्वेरुळाशेजारी आणि नवी माणसे आली की तीही तिथेच दाटीवाटीने.

घरेच नाहीत म्हणावे, तर तेही खरे नाही. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात सुमारे १ कोटी १० लाख घरे रिकामी आढळली होती. घरांना कुलपे आहेत आणि माणसे खोलीसाठी वणवण करीत आहेत, हा केवळ बाजाराचा दोष नाही. त्या कुलपांतल्या काही कुलपांची किल्ली जातीच्या खिशात आहे.

विद्यार्थ्याची थट्टा

नोकरदाराची ही गत, तर विद्यार्थ्याची काय असेल? वसतिगृहात नंबर न लागलेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाने डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आणली. योजना चांगली आहे, तिला आमचा विरोध नाही. पण तिच्यातले आकडे पाहा. योजना सुरू झाली तेव्हा महापालिका नसलेल्या जिल्ह्याच्या ठिकाणी शिकणाऱ्या मुलासाठी वर्षाला ४३ हजार रुपये धरले होते आणि त्यातले निवासासाठी फक्त १२ हजार. म्हणजे महिन्याला एक हजार रुपये! एक हजारात खोली कुठे मिळते, हे मंत्रालयातल्या ज्या अधिकाऱ्याने हा आकडा लिहिला त्याने एक दिवस आडनाव बदलून फिरून पाहावे. त्यातही पैसे वेळेवर येत नाहीत, वर्ष सरत आल्यावर जमा होतात, ही विद्यार्थ्यांची जुनी तक्रार आहे. घरमालक मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला दारात उभा असतो. मग तीन मुले एका खोलीत, एक खाट, एक स्टोव्ह, आणि परीक्षेच्या तोंडावर भाडे थकले म्हणून खोली सोडायची वेळ.

राजर्षी शाहू महाराजांना हे शंभर वर्षांपूर्वी कळले होते. मुलाला शाळेत घातले पण त्याच्या डोक्यावर छप्पर दिले नाही तर शिक्षण टिकत नाही, म्हणून त्यांनी कोल्हापुरात बोर्डिंगांची रांग उभी केली. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी १९०८ साली मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. बाबासाहेबांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी सोलापुरात विद्यार्थी वसतिगृह सुरू केले. सभेच्या अगदी सुरुवातीच्या कामांपैकी हे एक. आपल्या महापुरुषांनी छपराचा प्रश्न किरकोळ मानला नाही. मग आजची चळवळ तो किरकोळ का मानते?

कायदा आहे, वापरतो कोण?

पुष्कळांचा समज आहे की घर माझे, मी कोणालाही देईन, त्यात कायदा काय करणार? हा समज खोटा आहे. राज्यघटनेच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आणि तिच्या अंमलबजावणीसाठी १९५५ चा कायदा आला, जो आज नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणून ओळखला जातो. त्याच्या कलम ४ मध्ये अस्पृश्यतेच्या कारणावरून एखाद्याला कोणत्याही वस्तीत राहते घर बांधण्यास, घेण्यास किंवा त्यात राहण्यास आडकाठी करणे हा गुन्हा ठरवला आहे. शिक्षा किमान एक महिना, कमाल सहा महिने कैद आणि दंड. कलम १२ त्याहून महत्त्वाचे आहे. या कायद्याखालचा गुन्हा ठरणारे कृत्य अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत घडले, तर ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडले असे न्यायालयाने गृहीत धरायचे आहे. तसे नव्हते, हे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर आहे. बौद्ध बांधवांना १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींच्या यादीत स्थान मिळाले असल्याने हे संरक्षण त्यांनाही आहे. शिवाय अॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ साली झालेल्या दुरुस्तीने सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार टाकणे अथवा तशी धमकी देणे हा सहा महिने ते पाच वर्षे शिक्षेचा गुन्हा झाला आहे.

कायदा असा आहे. पण घर नाकारले म्हणून तालुक्याच्या पोलीस ठाण्यात जाऊन कोणी तक्रार दिल्याचे तुम्ही कधी ऐकले आहे का? आम्ही ऐकलेले नाही. त्याची कारणेही आहेत. ‘भाचा येणार आहे’ हे वाक्य कागदावर जातीचे वाक्य ठरत नाही. नर्सबाईंना उद्या त्याच गावात ड्युटी करायची असते. आणि मुख्य म्हणजे, पोलिसांनी उघडून दिलेल्या घरात राहायला कोणाचे मन धजेल? हे सर्व मान्य करूनही आम्ही सांगतो, कायदा पेटीत ठेवून गंजू देऊ नका. एकाने तक्रार केली तर त्याला खोली मिळेलच असे नाही, पण पुढच्या दहा घरमालकांना आडनाव विचारताना निदान अडखळायला होईल. आज पाचशे रुपये ही या कायद्यातील कलम ४ च्या दंडाची कमाल मर्यादा आहे. आठवड्याच्या भाड्याहून कमी! ती वाढवण्याची मागणी आपल्या लोकप्रतिनिधींनी कधी केली?

केंद्र सरकारने जून २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याला मंजुरी दिली. राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट घेऊ नये, अशी तरतूद त्यात आहे. ती राज्यांनी स्वीकारली तरच लागू होते. पण त्या संपूर्ण मसुद्यात जातीवरून किंवा धर्मावरून घर नाकारू नये, असे एक वाक्यही नाही. भाडेकरू घरात शिरल्यानंतरचे सगळे नियम त्यात आहेत, दारातूनच परत पाठवलेल्या माणसाबद्दल काही नाही.

आपल्याही घरात डोकावू या

आता जे सांगायचे आहे ते सांगताना लेखणी जड होते, पण सांगितलेच पाहिजे. वर आम्ही पाच नकार सांगितले. त्यांतला एक नकार आपल्याच माणसाचा होता. आरक्षणातून नोकरी मिळालेला, कॉलनीत दुमजली घर बांधलेला आपला समाजबांधव. खालचा मजला रिकामा. आम्ही ओळख दिली, मुलीची परिस्थिती सांगितली. त्याने आम्हाला आत बसवले, चहा पाजला आणि हलक्या आवाजात म्हणाला, ‘सर, आमचं काही नाही. पण या कॉलनीत आम्ही एकटेच आहोत. अजून आपलं कोणी आलं तर लोक आमच्याकडेही वेगळं पाहतील.’ घराच्या दर्शनी भागात बाबासाहेबांचा फोटो नव्हता. तो आतल्या खोलीत होता.

आम्हाला त्याचा राग आला नाही असे नाही. पण त्याला तिथे जागा मिळवताना काय सोसावे लागले असेल, हेही आम्ही जाणतो. भीती खोटी नव्हती. तरीही विचारावेसे वाटते, बाबासाहेबांनी ज्या शिक्षणासाठी रक्त आटवले, त्या शिक्षणाने बांधलेल्या घरात आपल्याच मुलीला जागा नसेल तर ते घर कोणाचे? आणि दुसऱ्या बाजूला वस्तीतही काय चालते? दहा बाय दहाच्या खोलीत तीन विद्यार्थी घालून माणशी भाडे घेणारे आपल्यातही आहेत. ना पावती, ना करार, वर लाइटीचे बिल मनाला येईल तसे. खोली मागायला मातंग, चर्मकार, पारधी किंवा मुस्लिम बांधव आला, की आपल्यातलेही काहीजण ‘आमचं काही नाही, पण...’ म्हणतात. ज्या दुःखाने आपण पोळलो तेच दुसऱ्याच्या पदरात घालणार असू, तर बावीस प्रतिज्ञा घेतल्या कशासाठी?

आडनाव बदलून किंवा मोघम सांगून खोली मिळवण्याचा मार्गही अनेकजण धरतात. आम्ही त्यांना दोष देत नाही. बडोद्यात बाबासाहेबांवरही नाव लपवण्याची वेळ आली होती. पण ते अकरा दिवसच टिकले, हे विसरू नये. लपवलेल्या नावाचे छप्पर कधीही उडते. आमच्या त्या मुलीला आम्हीच एकदा थकून म्हणालो होतो, ‘बाई, त्या अटीच्या घरी फोटो तेवढा आत ठेव, जागा दवाखान्याजवळ आहे.’ ती म्हणाली, ‘काका, ज्यांच्यामुळं नोकरी लागली त्यांनाच पेटीत घालून झोप लागेल का मला?’ आमच्याजवळ उत्तर नव्हते.

करायचे काय?

पहिली गोष्ट आपल्या हातातली आहे. प्रत्येक तालुक्याच्या गावात आपले विहार आहे. वर्षावासात, जयंतीत तिथे हजारोंची वर्गणी जमते. त्याच विहारात एक वही ठेवा. आपल्या समाजातील आणि समविचारी मित्रांपैकी कोणाकडे रिकामी खोली आहे, भाडे किती, पाणी-मीटरची सोय काय, याची नोंद त्यात करा. नव्याने नोकरीला किंवा शिक्षणाला आलेला मुलगा-मुलगी आधी विहारात येईल आणि चार रविवार दारोदार फिरणार नाही. जे घरमालक आहेत त्यांनी वाजवी भाडे घ्यावे, पावती द्यावी आणि करार लेखी करून नोंदवावा. आपल्या राज्याचा भाडे नियंत्रण कायदा जिथे लागू आहे तिथे लेखी करार नोंदवण्याची जबाबदारी घरमालकावरच आहे, हे भाडेकरूंनीही लक्षात ठेवावे.

दुसरी, नकाराची नोंद ठेवा. एकट्याने जाऊ नका, सोबत एक साक्षीदार न्या. तारीख, गल्ली, काय बोलणे झाले, ते त्याच दिवशी लिहून काढा. जिथे खोली ‘कालच गेली’ तिथे दोन दिवसांनी दुसऱ्या आडनावाच्या मित्राला विचारायला पाठवा. अशा पन्नास नोंदी एका तालुक्यातून जमल्या, तर ते कोणालाही झटकून टाकता येणार नाही. नागरी हक्क संरक्षणासाठी पोलीस खात्यात स्वतंत्र शाखा आहे. तिच्या टेबलावर या नोंदी जाऊ द्या.

तिसरी मागणी शासनाकडे आहे. स्वाधारची निवासाची रक्कम त्या त्या गावच्या प्रत्यक्ष भाड्याशी जोडा आणि सत्र सुरू होतानाच द्या. नोकरदार महिलांची वसतिगृहे केवळ मोठ्या शहरांत नको, तालुक्याला हवीत. नगरपरिषदांनी आपल्या जागेवर भाड्याची घरे बांधावीत आणि ती चिठ्ठी टाकून द्यावीत, आडनाव पाहून नव्हे. रमाई आवास योजना ज्याची स्वतःची जागा आहे त्याला घर देते. ज्याला बदलीच्या, शिक्षणाच्या, कंत्राटाच्या गावी दोन-चार वर्षे राहायचे आहे त्याच्यासाठी काय?

आणि शेवटची विनंती त्या पुरोगामी मित्रांना, जे चौदा एप्रिलला आपल्या व्यासपीठावर येऊन हार घालतात, भाषण करतात. त्यांच्यापैकी कितीतरी जणांच्या घराचा वरचा मजला रिकामा आहे. हार नको, भाषणही नको. फाटकावर पाटी लावा आणि आडनाव विचारू नका. एवढे केले तरी पुष्कळ झाले.

ती मुलगी अजून त्या पत्र्याच्या खोलीतच आहे. नोकरी तिने सोडलेली नाही. रात्री आठला बायपास ओलांडून ती ड्युटीवर जाते. ज्या म्हाताऱ्यांचे नाव पुढे करून तिला घरे नाकारली गेली, त्यांच्यातलेच कोणी आजारी होऊन रात्री दवाखान्यात आले, तर सलाईन लावणारा हात तिचाच असेल. ती आडनाव विचारणार नाही. प्रश्न एवढाच आहे की, सकाळी ड्युटी संपवून ती परत निघाली असता, या गावात तिला ‘इथेच राहा’ म्हणणारे एक तरी दार उघडेल काय?

जयभीम!